तारीख घातलेली खुर्ची

आरामखुर्चीच्या पायाला दात लागलेले पाहिले तेव्हा प्रभावती चितारींनी आधी शिवी हासडली आणि मग चष्मा लावला. शिवी अस्सल मालवणी होती, ती छापण्यासारखी नाही. चष्मा लावल्यावर मात्र एकसष्ट वर्षांच्या त्या बाई गुडघे कुरकुरत असतानाही खाली बसल्या आणि पायावरून बोट फिरवू लागल्या. सागवानाच्या गोल कातलेल्या पायाला जमिनीपासून दोन बोटांवर चार खड्डे पडले होते. कडा फाटलेल्या, सालपटं उभी राहिलेली. पहिल्या महिन्यातल्या शिकाऊ पोराच्या हातचं काम दिसावं तसं.

"पटाशी धारेची आसा गो तुझी," पलंगाखाली दडलेल्या पिल्लाला त्या म्हणाल्या. "हात मात्र अजून बसूक नाय."

पटाशी म्हणजे सुताराचं लाकूड तासायचं हत्यार. त्या दिवसापासून पिल्लाचं तेच नाव पडलं.

अडीच महिन्यांची ही तांबूस कुत्री आठवड्यापूर्वी मासळी बाजारामागे एका खोक्यात केकाटत होती. प्रभावतीबाई बांगडे आणायला गेल्या होत्या. बांगडे घेऊन आल्या आणि ते खाणारं तोंडही घेऊन आल्या. सावंतवाडीत मोती तळ्यापलीकडच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, त्या एकट्याच राहत. नवरा दिगंबर जाऊन दोन वर्षं झाली होती. सदतीस वर्षं तो ज्या खुर्चीत बसून पेपर वाचायचा, ती हीच खुर्ची. लग्नाआधी प्रभावतींनी स्वतःच्या हातानं लेथवर कातलेली. दिगंबरच्या तळव्यांनी घासून घासून तिचे हात गुळगुळीत झाले होते आणि बाई अधूनमधून त्यावर आपला हात ठेवून बसत. कुणी पाहिलं की पुसतेय असं दाखवत.

घरात पळी, लाटणं, बुटांची जोडी आणि तीन खुर्च्या असताना पिल्लानं नेमकी तीच निवडली.

प्रभावतीबाईंनी सरकारी आयटीआयत एकतीस वर्षं कातकाम शिकवलं होतं. फिरत्या लाकडावर हत्यार टेकवून त्याला आकार द्यायचा, हे ते काम. त्यांचा एक नियम सगळ्या जिल्ह्यातल्या सुतारांना पाठ होता: बिघडलेला नग फेकायचा नाही. त्यावर पेन्सिलीनं तारीख घालायची आणि ठेवून द्यायचा. वर्ष संपलं की पोरांपुढे सगळे बिघडलेले नग ओळीनं मांडायचे. "बघा, हात कसो बसत गेलो तो." आताही कानामागची पेन्सिल त्यांनी काढली आणि चार खड्ड्यांशेजारी बारीक अक्षरात तारीख घातली. सवय म्हणून. त्या वेळी दुसरं काही मनात नव्हतं.

संध्याकाळी पुण्याहून निरंजन आला.

निरंजन त्यांचा एकुलता एक मुलगा. जनावरांच्या मेंदूचा शास्त्रज्ञ. गेली तीन वर्षं देशभर जो 'निवांत' पट्टा विकला जात होता तो त्याच्या डोक्यातून निघाला होता, आणि सावंतवाडीत मास्तरणीचा झील म्हणून त्याचं नाव घेताना लोकांची छाती फुगायची. आता कुत्र्यांची पिल्लं काही चावतच नव्हती. सोफे शाबूत, चपला शाबूत, दारांच्या चौकटी शाबूत. खुद्द त्यांच्या सोसायटीनंच नोटीस लावली होती की एक तारखेपासून बिनपट्ट्याचं पिल्लू इमारतीत ठेवता येणार नाही.

"आणि नेमकं तुझ्याच घरात बिनपट्ट्याचं पिल्लू," निरंजन हसत म्हणाला. त्यानं पिशवीतून करड्या रंगाचा पट्टा काढला. बोटभर रुंद, जबड्याखाली येईल तिथे नाण्याएवढी चकती.

"हो करता काय, ता आधी सांग."

निरंजन पुण्याच्या भाषेत शिरला. शास्त्र सांगताना तो नेहमी त्या भाषेत शिरायचा. "दुधाचे दात पडून नवे येताना हिरड्यांत दाब वाढतो, शिवशिवतं. ती बातमी मेंदूकडे नेणारा एक मज्जातंतू आहे, चेहऱ्याचा. पिल्लू चावायला निघालं की त्याच्या जबड्याचे स्नायू आधीच ताणले जातात, विजेची अगदी बारीक लहर उठते. पट्टा ती ओळखतो. आणि आपल्याला ऐकू न येणाऱ्या ध्वनीचा हलका झोत त्या मज्जातंतूवर सोडतो. बातमी वाटेतच विरते. शिवशिव नाही, म्हणून चावायची इच्छा नाही. शॉक नाही, दुखणं नाही. नवे दात पुरते आले, वर्ष झालं, की पट्टा काढायचा."

"चावलां नाय तर ता शिकतलां कसां?"

"काय शिकायचं त्यात? खुर्ची खायला?"

बाईंनी पट्टा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. निरंजनचा आवाज जरा खाली आला. "आई, फर्निचर कुरतडतं म्हणून दर वर्षी हजारो पिल्लं रस्त्यावर टाकायचे लोक. ते थांबलंय. पट्ट्यामुळे थांबलंय. तुला गुंडू आठवतो?"

त्यांना आठवत होता. निरंजन आठ वर्षांचा असताना त्यानं घरी आणलेलं काळं पिल्लू. त्यानं याच खुर्चीचा मागचा पाय इतका कुरतडला की खुर्ची डुगडुगायला लागली. प्रभावतीबाईंनी रागाच्या भरात नवा पाय कातून बसवला आणि गुंडूला दोडामार्गच्या एका ओळखीच्या माणसाकडे पाठवून दिलं. तिथून तो पंधरा दिवसांत कुठेतरी हरवला. निरंजन चार दिवस जेवला नव्हता.

"तू त्याला घालवलंस, म्हणून मी हा पट्टा केला," निरंजन म्हणाला. आवाजात राग नव्हता, आणि तेच बाईंना जास्त लागलं.

त्यांनी पटाशीला मांडीवर घेतलं आणि तिची मान पुढे केली. निरंजननं पट्टा बसवला. कडी खट्कन लागली. ती फक्त कंपनीच्या गुप्त आकड्यानं उघडायची, म्हणजे मुलांनी खेळता खेळता काढू नये.

पुढचे आठ दिवस घर देवळासारखं शांत होतं. पटाशी जेवायची, झोपायची, बोलावलं की यायची. चेंडू टाकला तर त्याच्याकडे बघायची, उचलायची नाही. प्रभावतीबाईंनी बोट तिच्या तोंडापाशी नेलं तर ती वास घेऊन मान वळवायची. आठ दिवसांपूर्वी याच बोटाला लोंबकळून ती गुरगुरत होती. "शिस्तीचां झालां," शेजारी कौतुक करत. बाईंना मात्र राहून राहून आयटीआयतला एक पोरगा आठवत होता. बापानं त्याला सगळं मशीनवर कापलेलं लाकूड आणून द्यायचं ठरवलं, चूक होऊच नये म्हणून. वर्षाअखेर त्या पोराच्या नावावर एकही बिघडलेला नग नव्हता. आणि हातात पटाशी दिली तर तिचा जोर किती आणि लाकडाचा किती हे त्याला कळत नव्हतं. पहिल्याच दिवशी अंगठा फाडून घेतला होता त्यानं.

नवव्या दिवशी सकाळी समोरच्या दारातून किंकाळी आली.

समोर गुरुनाथ तळवणेकर राहत, पोस्टातून निवृत्त झालेले, आणि त्यांचा राजा. राजा तीन वर्षांचा लॅब्रडॉर, 'निवांत'च्या अगदी पहिल्या खेपेतला. दोन वर्षांपूर्वी पट्टा उतरला तरी कधी कुणावर भुंकला नव्हता. बाई धावल्या तेव्हा तळवणेकर उंबऱ्यात बसले होते, तळवा धरून, रक्तानं लेंगा भिजलेला. समोर राजा उभा होता. शेपूट हलत होती.

"बिस्कीट दिलंय ओ मास्तरीण," तळवणेकर रडवेल्या आवाजात म्हणाले. "नेहमी जमनीर टाकतंय. आज म्हटलां हातान भरवूया. तेणा रागान नाय केलां ओ! बघा, शेपूट हलयता अजून."

अकरा टाके पडले. सोसायटीत एकच ओरड: पट्टा काढला म्हणून चावला. महिन्याभरात कंपनीनं जाहीर केलं की 'आजन्म निवांत' येतोय, कुत्रं जगेल तोवर घालायचा. सोसायटीचे सेक्रेटरी रमाकांत उपरकर यांनी वार्षिक सभेत ठराव आणायचं ठरवलं: प्रत्येक कुत्र्याला आजन्म पट्टा, नाहीतर इमारतीबाहेर. राजाला तर बाहेरच.

पण त्या आधी, त्याच सकाळी, बाई घरी परतल्या होत्या. हात धुतले. पटाशीसमोर बसल्या.

"तेका थांबूचा खय ता म्हायतच नव्हता," त्या तिला म्हणाल्या. "कोणी कळूकच देऊक नाय."

मग त्यांनी हत्यारांच्या पेटीतून लोखंड कापायच्या करवतीचं पातं काढलं, पट्ट्याखाली जाड कापड सारलं आणि कंपनीची ती न उघडणारी कडी पाच मिनिटांत कापून टाकली. पट्टा कचऱ्याच्या डब्यात गेला. आरामखुर्ची त्यांनी स्वतः ओढत खोलीच्या मधोमध आणली.

"खा," त्या म्हणाल्या. तोंडातून शब्द निघाला आणि डोळ्यांत पाणी आलं. दिगंबरच्या खुर्चीवर दुसऱ्या कुणाला त्या बसूही देत नसत. "खा. पण शीक."

निरंजनला कंपनीकडून कळलं की पट्ट्याकडून येणारा संदेश बंद झालाय. फोन आला. तासभर भांडण झालं. "एका बिस्किटावरून तू चार लाख कुत्र्यांचा निकाल लावतेस?" तो ओरडला. "तुझ्या चार लाखांतलां एक तरी कुत्रां कोणाच्या हातातसून बिस्कीट घेता काय, ता बघितलंस?" बाई ओरडल्या. त्यानं फोन ठेवला. पुढचे चार महिने मायलेकांचं बोलणं तब्येतीपुरतंच झालं, आणि तेही रविवारी.

त्या चार महिन्यांत प्रभावतीबाईंनी पुन्हा वर्ग भरवला, एका विद्यार्थिनीचा. बिनपट्ट्याच्या पिल्लासाठी सोसायटी दर महिन्याला दंड लावी, तो त्या भरून टाकत. पटाशीनं बोट धरलं आणि दात रुतले की बाई "आयो!" करून ओरडत, उठून जात आणि दोन मिनिटं दार लोटून घेत. पटाशी दाराखालून नाक घालून कुंई कुंई करी. हलकं धरलं तर खेळ चालू. हिरड्या फार शिवशिवल्या की ओलं फडकं थंड करून द्यायच्या, नाहीतर खुर्ची होतीच. खुर्चीवरची प्रत्येक नवी खूण सापडली की पेन्सिलीनं तारीख. दर आठवड्याला कातकामातली मोजपट्टी, ती चिमट्यासारखी बारीक मोजणारी, खड्ड्यात घालून खोली मोजायच्या आणि शेजारी लिहायच्या. शेजारणी खिडकीतून बघून कपाळाला हात लावत. "मास्तरीण घोवाच्या खुर्चीर कुत्र्याक हिशोब शिकयता!"

"शिकयतंय," बाई खिडकीतूनच म्हणत. "तुमचो झील सातवीत नापास झालो, तेका पण पाठवून द्या."

सभेची नोटीस आली तेव्हा पटाशी सात महिन्यांची होती. तोंडात नवे पांढरेशुभ्र दात, मटणाची कोवळी हाडं लीलया फोडणारी. नोटीसच्या खाली वेगळ्या शाईत लिहिलं होतं: 'कंपनीतर्फे डॉ. निरंजन चितारी मार्गदर्शन करतील.'

रविवारी सकाळी दहा वाजता तळमजल्यावरच्या सभागृहात पन्नासेक माणसं जमली. निरंजन टेबलामागे बसला होता, समोर 'आजन्म निवांत'चा नमुना. आई अजून आली नव्हती. तेवढ्यात जिन्यावर लाकूड आपटल्याचे आवाज ऐकू आले. धड्. धड्. मग दारात प्रभावतीबाई आल्या, घामानं थबथबलेल्या, आरामखुर्ची एकेक पायरी उतरवत आणलेली. मागचं टोक तळवणेकरांनी डाव्या हातानं धरलं होतं. पटाशी मागून चालत होती, दोरीशिवाय.

"मास्तरीण, ही खुर्ची हय कित्याक?" उपरकर म्हणाले. "हय खुर्चे आसत."

"ह्या खुर्चीक बोलूचा आसा," बाई म्हणाल्या.

लोक हसले. बाई थांबल्या नाहीत. त्यांनी खुर्ची आडवी पाडली आणि हातातल्या काठीनं दाखवू लागल्या. "आयकून घ्या, एकदाच सांगतंय. हे जून महिन्यातले दात. खोली चार मिलीमीटर. हे जुलय, तीन. हे ऑगस्ट, दीड. आणि ह्या हातार बघा, सप्टेंबर. लाकडाक लागाक नाय, नुसता पॉलिश गेला."

"दात येवन झाले की चावणां थांबताच," उपरकर म्हणाले. "तेच्यात नवल काय?"

"थांबूक नाय! खुणा मोजा. जूनात एकवीस, सप्टेंबरात एकोणीस. तेवढ्याच. दात मोठे झाले, जबडो मोठो झालो, आणि खड्डे उथळ झाले. चावणां थांबलां नाय रमाकांत, हात बसलो. तेका थांबूचा खय ता कळलां. आणि ता कळूच्याच दिवसांत तुमी पट्टो घालतास, आणि मग राजा चावलो म्हणान तेकाच घराभायर काढतास!"

"आई," निरंजन म्हणाला. चेहरा उतरला होता, पण आवाज सभेतला होता. "एका खुर्चीवरून शास्त्र ठरत नाही."

"मग आणखी दहा हजार खुर्चे आण. मी मोजून देतंय. तुझ्याकडे आसत काय एकाही कुत्र्याचे मोजलेले दात?"

बाईंनी खांद्याच्या पिशवीतून एक लांब वस्तू काढली, जुन्या साडीत गुंडाळलेली. साडी सोडली. आत खुर्चीचा एक पाय होता. काळवंडलेला, तळाशी कुरतडलेला, आणि शेजारी अठ्ठावीस वर्षांपूर्वीच्या तारखा.

"हो गुंडूचो पाय. माका फेकून देवक जमलां नाय, बिघडलेलो नग मी फेकनय नाय. बघ निरू. सगळे खोल खड्डे, तीन आठवड्याचे. मग वरती लाकूड कोरां आसा. कित्याक, तर तेका मी शिकाकच देवक नाय. माझ्या हातान घालवलंय. माझां चुकलां ता मी मान्य करतंय, पन्नास माणसांसमोर." त्यांनी तो पाय जमिनीवर ठेवला. "पण म्हणान तुझी चूक मी मान्य करूचंय नाय."

बाईंनी खुर्ची सरळ केली आणि सभेच्या मधोमध तीत बसल्या. पटाशी खुर्चीखाली शिरून आडवी झाली.

"आता करा ठराव. हिका भायर काढूचा आसात तर माका खुर्चीसकट उचलूक लागतला. आणि मी एकसष्ट किलो आसंय, आधीच सांगतंय."

निरंजन टेबलामागून उठला. हळूच येऊन खुर्चीपाशी बसला, जमिनीवर, शर्टाची इस्त्री मोडेल याचं भान न ठेवता. गुंडूच्या पायावरच्या खड्ड्यांवरून त्यानं अंगठा फिरवला, वरच्या कोऱ्या लाकडापर्यंत. मग खुर्चीच्या पायावरून, तारीख वाचत वाचत, जूनपासून वर. सप्टेंबरपाशी अंगठा थांबला.

"बेचाळीस पत्रां इली हत," तो म्हणाला. सभेला म्हणाला की आईला, कळलं नाही. भाषा मात्र घरची होती. "मोठी कुत्री चावल्याची. सगळी पहिल्या खेपेतली. सगळ्यांत एकच लिवलेलां, राग नव्हतो, शेपूट हलय होता. आमी ती 'कुत्र्याची जातच तशी' ह्या खात्यात टाकली. मीच टाकलंय."

"डॉक्टर, हे तुम्ही कंपनीतर्फे बोलताय?" कुणीतरी मागून विचारलं.

"नाय. आता कंपनी माका बोलूक देवची नाय," निरंजन म्हणाला. त्यानं बाही वर सारली आणि उघडं मनगट खुर्चीखाली नेलं, पटाशीच्या तोंडासमोर. तळवणेकरांनी श्वास रोखला. त्यांचा उजवा तळवा नकळत छातीशी गेला.

पटाशीनं मनगट हुंगलं. मग पुरा जबडा उघडला, मनगट दातांत धरलं आणि खेळात ओढते तसं ओढलं. निरंजनचा खांदा हलला. तिनं गुरगुरून आणखी एकदा ओढलं, शेपटी फरशीवर आपटत. मग सोडून दिलं आणि त्याची बोटं चाटली.

निरंजननं हात बाहेर काढला आणि आईपुढे धरला.

प्रभावतीबाईंचा हात सवयीनं कानामागे गेला. पेन्सिल काढून त्या खाली वाकल्या, चष्मा सरळ केला आणि मुलाचं मनगट उजेडाकडे वळवून पाहिलं. या बाजूनं पाहिलं, त्या बाजूनं पाहिलं. ओल्या कातडीवर थोडी लाळ होती. तारीख घालण्यासारखं काहीच नव्हतं. त्यांनी पेन्सिल पुन्हा कानामागे ठेवली.